डीएनएच्या जोड्या कशा जमतात?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत डीएनए चाचणीविषयी आलेल्या लेखाचे मी कात्रण काढून ठेवले आहे, कारण विषय सोपा करून सांगण्याची त्यातली कळकळ मनापासून आवडली. सोबतच्या आकृतीत मात्र डीएनएच्या दोन साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या रेणूंच्या ॲडेनिन-थायमिन आणि ग्वानिन-सायटोसिन या दोन्ही जोड्या सारख्याच दोन रेघांनी जोडल्या आहेत, आणि ‘ही जोडी ठरलेली असते’ एवढे सांगून मजकूर पुढे जातो. बारावीला जीवशास्त्र शिकवताना मुले नेमकी इथेच ‘पण का?’ असे विचारत, म्हणून हा पत्रप्रपंच.

ॲडेनिन आणि ग्वानिन हे दोन कड्यांचे, मोठे रेणू. थायमिन आणि सायटोसिन एका कड्याचे, लहान. दोन साखळ्यांमधले अंतर सगळीकडे सारखे राहायचे, तर प्रत्येक जोडीत एक मोठा आणि एक लहान रेणूच हवा. तरीही ॲडेनिनला सायटोसिन का चालत नाही, हा प्रश्न उरतोच. वर्गात मी या रेणूंचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून, हायड्रोजन पुढे करणाऱ्या जागी लाल आणि तो ओढून धरणाऱ्या जागी निळी टिकली लावून देत असे. ॲडेनिनसमोर थायमिन ठेवला, की दोन्ही ठिकाणी लालसमोर निळी येते आणि दोन हायड्रोजन बंध जुळतात. सायटोसिन ठेवला, की लालसमोर लाल आणि निळीसमोर निळी, म्हणजे बंध जुळतच नाहीत. ग्वानिन-सायटोसिनमध्ये टिकल्यांची तिसरी जोडीही जुळते, म्हणून तिथे बंध तीन असतात.

आकृतीबद्दल एवढा आग्रह धरण्याचे कारण इतिहासात आहे. डीएनएत ॲडेनिनचे प्रमाण थायमिनइतके आणि ग्वानिनचे सायटोसिनइतके असते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन चारगाफ यांच्या मोजमापांतून 1950 पर्यंत पुढे आले होते. तरीही फेब्रुवारी 1953 मध्ये केंब्रिजला डीएनएची रचना शोधणारे जेम्स वॉटसन सारख्याशी सारखा रेणू जुळवू पाहत होते, कारण त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत ग्वानिन आणि थायमिनमधल्या हायड्रोजनची जागाच चुकलेली होती. ती चूक रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी दाखवून दिली, वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे तुकडे नव्याने मांडले, आणि दोन्ही जोड्या बाहेरून एकाच मापाच्या निघाल्या. पुठ्ठ्याची युक्ती मी त्यांच्याकडूनच घेतली. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांनीही ग्वानिन-सायटोसिनमध्ये दोनच बंध मानले होते. तिसरा 1956 मध्ये लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवला.

आपल्या आकृतीतल्या ठळक, अखंड रेघांमुळे आणखी एक गैरसमज होतो. एकेकटा हायड्रोजन बंध दुबळा असतो, आणि तो तसा असल्यामुळेच पेशी विभागण्याआधी साखळ्या उसवता येतात व प्रत्येक साखळी नव्या साखळीचा साचा होते. कोविडकाळात घराघरांत पोहोचलेल्या आरटी-पीसीआर चाचणीत सुमारे 95 अंश सेल्सिअसला साखळ्या सुट्या होतात, तापमान उतरले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापली पूरक जागा शोधून चिकटतात, आणि तिथून नवी साखळी विणली जाते. साखळीच्या कण्यातले पक्के बंध मात्र एवढ्या उष्णतेतही टिकून राहतात.

तेव्हा पुढच्या रविवारी ही आकृती दुरुस्त करून छापावी, ही विनंती: कणा अखंड रेघेने, आणि मधले बंध तुटक रेघांनी, ॲडेनिन-थायमिनमध्ये दोन व ग्वानिन-सायटोसिनमध्ये तीन.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा