जेवण कमी पडलं की वाढप्यालाच कामून धरता?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लगीनसराई चालू झाली की एक तक्रार ठरलेली असते, केटरिंगची पोरं लई उर्मट झालीत, रोटी मागितली तर ऐकून न ऐकल्यासारखं करतेत, भात संपला की तोंड फिरवून निघून जातेत. मी परभणी, सेलू, जिंतूर ह्या पट्ट्यात अन् दाट तिथ असली की थेट संभाजीनगरच्या बीड बायपासवरच्या लॉन्सपर्यंत वाढप्याचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू लिहायलोय. पोरं काय संत नाहीत, माहितीय. पण पाहुणे ज्या गोंधळाला वैतागतेत तो आदल्या दिवशीच मॅनेजरच्या मोबाईलवर शिजलेला असतो.

मॅनेजर म्हणजे बहुतेक ठिकाणी मालकाचा भाचा नाहीतर मेव्हणा. हातात दोन मोबाईल, कानात ब्लूटूथ, अन् भट्टीजवळ कधी उभा राहिलेला नाही. मे महिन्यात एकाच तिथीला तीन ऑर्डरी घ्यायच्या अन् पोरं दीड ऑर्डरीपुरती आणायची, मग सकाळी हळदीच्या जेवणाला एका गावात, तिथून पिकअपमधे भगुन्यांच्या मधे बसून दुसऱ्या गावात दुपारचं लग्न, संध्याकाळी तिसरीकडं रिसेप्शन. पंगत असली तर शंभर माणसामागं पाच-सहा वाढपी तरी पाहिजेत हे कोणताही जुना आचारी सांगतो. आमच्याकडं आठशे माणसाला बाराजण उभे करतेत, अन् त्यातले चारजण सकाळी मजूर अड्ड्यावरून उचललेले असतेत, त्यांना आमटीचं बकेट कोणत्या हातात धरायचं तेबी माहीत नसतं. शिकवायला वेळ कोणाला आहे. ती गरम आमटी कुणाच्या शर्टावर सांडली की शिव्या त्या पोराला.

मुहूर्ताचं तर विचारूच नका. पत्रिकेवर 12.35 लिहिलेलं असतंय, नवरदेव मारुतीच्या पाया पडून डीजेपुढं नाचत येईपर्यंत दोन वाजतेत, हे आपल्या मराठवाड्यात बारक्या लेकरालाबी ठाऊक आहे. फक्त मॅनेजरला नाही. तो साडेअकरालाच तंदूर चालू करायला लावतो, बेचाळीस डिग्रीत तंदूरवाला घामानं निथळत रोट्या काढून ढीग लावतो, त्या ढिगाचं अक्षता पडेपर्यंत चामडं होतं. मग त्याच रोट्या पाण्याचा हात लावून परत गरम करून वाढ म्हणतेत. पाहुणा रोटी ताटात आपटून आमच्याकडं बघतो. वऱ्हाड कुठपर्यंत आलं हे बघायला एक माणूस गाडीवर पाठवला असता तर झालं नसतं का, पण डोकं कोण लावणार.

अन् ताटांचा हिशोब. प्लेटवर ऑर्डर असली की शेवटी किती ताटं लागली त्यावर पैसे, म्हणून यजमान एखादा हुशार पाहुणा ताटांच्या थप्पीजवळ खुर्ची टाकून बसवतो. एका लग्नात मॅनेजरनं आमच्यातल्या एका पोराला मागच्या बाजूनं कोरी ताटं नेऊन खरकट्याच्या टबात बुडवायला सांगितली, म्हणजे आकडा वाढतो. अकरावी-बारावीतलं पोरगं ते, नाही म्हणायची काय हिंमत त्याची. भांडे घासायला बसलेल्या मावशी म्हणाल्या, अरे ह्याला तर भाजीचा डागबी नाही, अन् नेमका तेवढ्यात नवरीचा मामा तिथं आला. त्यानं पोराच्या कानाखाली लावली. मॅनेजर कुठं? तर फोन आलाय म्हणून गेटबाहेर. त्या रात्री पोराची हजेरीबी कापली, वरून यजमानासमोर हाच चोर म्हणून हात झटकले.

हजेरी चारशे-पाचशे ठरते, तीबी तोंडी. रात्री एक-दोन वाजता सगळं गाडीत भरून झालं की ऐकायला येतं, पार्टीकडून पेमेंट यायचंय, पुढच्या ऑर्डरीला ये तवा दोन्ही मिळून घे. म्हणजे मागची अडकवून पुढच्या कामाला बांधून ठेवायचं. ऊसतोडीत मुकादम उचल देऊन माणूस बांधतो, इथं उलटं, आपलेच पैसे दाबून बांधतेत. फुटलेल्या वाट्या, हरवलेले चमचे सगळ्यांच्या वाटून कापायचे, चमचे काय आम्ही घरी नेतो का. जेवण शेवटाला, तवर भाजी संपलेली, मग मसालेभाताची खरवड अन् मठ्ठा. घरी सोडायला गाडी नाही, सोबतच्या बायाबापड्या स्टँडवर पहिल्या एसटीची वाट बघत बसतेत.

मालकाची बाजूबी सांगतो, उगं एकतर्फी नको. बरेच मालक पूर्वी स्वतः आचारी होते, हाताला चव आहे म्हणून धंदा वाढला. हजार माणसाचा स्वयंपाक त्यांना झोपेत जमतो, पण पंधरा माणसं सांभाळणं जमत नाही. अन् यजमानबी कमी नाहीत, बयाणा देतेत अन् बाकीच्यासाठी सोयाबीन विकू द्या, कापूस जाऊ द्या म्हणत चकरा मारायला लावतेत.

कायदे नाहीत असंबी नाही. किमान वेतनाचा कायदा देशात 1948 ला झाला. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मजुरी लिहिलीय. अन्नाला हात लावणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायचा नियम आहे, माझी तर एकदाबी झाली नाही, अन् जुलाब लागलेला माणूस पोळ्या लाटायला बसलेला मी बघितलाय, कारण सुट्टी घेतली तर मागची हजेरी बुडते. फेब्रुवारी 2024 ला लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत महाप्रसादातून दोन हजारांच्या आसपास लोकांना विषबाधा झाली, ती बातमी वाचून आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. एवढ्या माणसांचं अन्न अन् ते कोणाच्या भरवशावर चाललंय हे आम्हाला रोज दिसतं.

कामगार ऑफिसच्या साहेबांना एवढंच म्हणणं आहे की दिवसा दुकानात येऊन रजिस्टर बघू नका, रजिस्टरवर आमची नावंच नसतेत. तिथीच्या दिवशी रात्री अकराला लॉन्सच्या मागच्या बाजूला या. अन् ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी पनीर की काजूकरी ह्यावर तासभर घासाघीस करताच, तर बयाणा देताना अजून दोन गोष्टी विचारा, वाढायला माणसं किती आणणार अन् त्यांची हजेरी त्याच रात्री देणार का. तोंडी नको, मेनूच्या कागदावरच खाली लिहून सही घ्या. अन् तुमच्याकडची बाकी तेवढी त्याच रात्री चुकती करा, म्हणजे मालकाला आम्हाला सांगायला कारण राहणार नाही.

आपला,
एक वाढपी, जि. परभणी
(नाव छापू नका, तुळशीच्या लग्नानंतर परत ह्याच लोकांकडं काम मागायचंय)