दंडाच्या पावतीवरून भांडायला न आलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

“चार ओळींचं तर काम होतं, आभार कसले मानताय,” म्हणून तुम्ही फोन ठेवलात. वाचनालयाचा देवघेवीचा प्रोग्राम दुरुस्त करून दिलात म्हणून कार्यकारिणीने तुम्हाला आभाराचं पत्र द्यायचा ठराव केलाय. ते लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, यथावकाश येईलच. त्यात ‘आपले बहुमोल सहकार्य’ वगैरे असेल. मला जे म्हणायचंय ते त्या कागदात बसणारं नाही, म्हणून हे वेगळं लिहितेय. आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

आमचं वाचनालय कसं चालतं हे तुम्ही पाहिलंतच. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान येतं, पण ते कधी येईल यावर आमचे पगार ठरतात. अशा ठिकाणी देवघेव संगणकावर आली ती कुणी प्रकल्प राबवला म्हणून नाही. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेले सर रोज दुपारी पेपर वाचायला यायचे. आमची दाखल नोंदवही आणि कार्डांच्या पेट्या बघून त्यांना राहवेना. पुस्तकं आणून, रात्री जागून ते अ‍ॅक्सेस, म्हणजे ऑफिसमधलं नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, शिकले आणि 2001 साली आम्हाला देवघेवीचा प्रोग्राम लिहून दिला. एक पैसा घेतला नाही. सभासद, अनामत, वर्गणी, पुस्तकं, दंड, सगळं त्यात.

त्या प्रोग्राममध्ये ‘बंद दिवस’ नावाचा एक तक्ता आहे. वाचनालय ज्या दिवशी बंद राहिलं ते दिवस त्यात भरायचे, म्हणजे त्यांचा दंड कुणाला लागत नाही. 2005 च्या पुराचे दिवस सरांनी स्वतः भरलेले आहेत. 2019 चे आणि 2021 चे आम्ही भरले. ज्यांच्या घरात कमरेइतकं पाणी होतं त्यांच्याकडे ‘पुस्तक उशिरा आणलंत’ म्हणून रुपया मागायचा नाही, हे त्या प्रोग्रामला पहिल्यापासून कळत होतं. मला संगणकातलं फारसं कळत नाही, पण हे कळतं.

मग जुनं यंत्र एकदाचं बंद पडलं. देणगीतून नवं आलं, नवं विंडोज, नवं ऑफिस. सरांची फाईल त्यावर चढवली आणि आमचे दशावतार सुरू झाले.

ज्यांच्याकडून संगणक घेतला त्यांचा माणूस आधी आला. पडद्यावर सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी दिसत होती. त्याने उभ्या उभ्या निदान केलं, “डेटा करप्ट झालाय, मॅडम.” पंचवीस हजारांवर पुस्तकांच्या नोंदी, आणि हा चहाचा कप हातात धरून सांगतोय की गेल्या. तुम्ही नंतर जुन्या डिस्कवरून शिवाजी फॉन्टची फाईल आणून टाकलीत आणि सगळी नावं जागच्या जागी उभी राहिली. डेटाला काहीच झालेलं नव्हतं. तोवर आम्ही माणसांना सभासद क्रमांकाने हाका मारत होतो.

दुसरा आला तो जास्त हुशार. प्रोग्राम उघडला की अडायचा आणि ‘डेट’ या शब्दावर निळी पट्टी यायची. त्याने ती पट्टी पाहिली आणि आत तारखेची बॅटरी संपलीय म्हणून मदरबोर्डचा सेल बदलला. बिल लावलं. नव्या कोऱ्या संगणकाचा सेल! खरं कारण तुमच्याकडून कळलं. सरांनी तारीख निवडायला कॅलेंडरचा जो तयार तुकडा वापरला होता तो अ‍ॅक्सेस 2010 पासून येतच नाही. असा एखादा तुकडा सापडला नाही की प्रोग्राम त्याचं नाव सांगत बसत नाही, तारखेसारख्या अगदी साध्या शब्दावर अडतो. दुखणं एकीकडे, कण्हणं दुसरीकडे. त्या माणसाने पुढे कुणाला तरी फोन करून कुठलीशी खूण काढली आणि प्रोग्राम उघडला. तारीख होती 26. दोन-चार पुस्तकं देऊन-घेऊन बघितली, ठीक चाललं, आणि साहेब गेले.

तिसरे एका कंपनीकडून आले. त्यांनी काही दुरुस्त करण्याचा विचारही केला नाही. “हे सगळं फेका. आमचं घ्या, वर्षाला इतके.” आणि जुन्या नोंदी? “त्या टाईप करून घ्याव्या लागतील.” तेही एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण कोड उघडून ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, “कुठल्या भंगारवाल्याने लिहिलंय हे?” सर त्याच वेळी मागच्या टेबलावर पेपर वाचत बसले होते. ऐकू कमी येतं त्यांना, पण तेवढं ऐकू आलं. पेपर घडी करून ठेवला आणि घरी गेले. पुढचे कितीतरी दिवस आलेच नाहीत. आमच्यातल्याच एका सदस्यांनी तेव्हा ‘रजिस्टरवर चालवा, हाय काय नि नाय काय’ असा तोडगा सुचवला. त्यांच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, रोज भेटतात.

आणि मग ऑगस्टमध्ये दंडाची बोंब उठली. कुणाला भरमसाट दंड, कुणाला काहीच नाही. लोक काऊंटरवर तावातावाने बोलायचे. ज्यांना दंड लागलाच नाही ते अर्थातच गप्प होते.

तुम्ही आईची पावती घेऊन आलात तेव्हा आता पुढचा अर्धा तास कसा जाणार हे मला ठाऊक होतं. 96 रुपयांची पावती होती. तुम्ही ती काऊंटरवर ठेवलीत आणि म्हणालात, “आईनं पुस्तक 8 मेला नेलं असं लिहिलंय. मे महिनाभर आई माझ्याकडे पुण्याला होती. मला वाटतं तिनं ते 5 ऑगस्टला नेलं.” मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची चिठ्ठी पाहिली. शिक्का 5 ऑगस्टचाच होता. 19 ला परत आलेलं, सात दिवसांची मुदत, पुढे दिवसाला रुपया, म्हणजे खरा दंड 7 रुपये. मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात तुम्ही विचारलंत, “महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच चुकतंय का हो?”

ताई, त्या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा आला होता. कारण होय, तसंच होतं, आणि इतक्या बोलाचालीत ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. 9 ऑगस्टला नेलेलं पुस्तक 8 सप्टेंबरला नेल्याची नोंद, म्हणून त्याला दंडच नाही. 8 ऑगस्टचं मात्र बिनचूक, कारण 8/8 उलटं केलं तरी 8/8. तुम्ही मला समजेल असं सांगितलंत: अ‍ॅक्सेसला हुकूम लिहून देताना तारीख अमेरिकन पद्धतीने लागते, महिना आधी. जुन्या संगणकाचं विंडोज पहिल्या दिवसापासून अमेरिकन मांडणीवर होतं, त्यामुळे तारीख आपोआप तशीच जायची. नव्यावर कुणीतरी, रास्तच, भारत निवडलं. झालं, दिवस आधी जायला लागला आणि त्यालाच अ‍ॅक्सेस महिना समजायला लागलं. 13 तारखेपासून पुढे तेराव्या महिन्याचा प्रश्नच नाही, तेव्हा ते स्वतःच समजून घेऊन बरोबर वाचतं. 26 तारखेला येऊन ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याला काय दिसणार होतं? मला तर राग त्या सॉफ्टवेअरच्या समजूतदारपणाचा आला. सरळ अडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हे सगळं तुम्ही शोधलंत त्याचे आभार कार्यकारिणी मानेल. माझे आभार पुढच्यासाठी आहेत.

तुम्ही आधी फाईलच्या दोन प्रती काढल्यात आणि मूळ फाईल बाजूला ठेवून दिलीत. मग कोड उघडलात. सरांनी जागोजागी मराठीत टिपा लिहिल्यात, पण रोमन अक्षरांत, कारण त्या खिडकीत देवनागरी उमटत नाही. तुम्ही एक मोठ्याने वाचलीत: “पुराचे दिवस वगळणे. विसरू नये.” मग वळून विचारलंत, “हे कुणी लिहिलंय?” माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आता हीसुद्धा हसणार. तुम्ही म्हणालात, “ज्यांनी लिहिलंय त्यांना वाचनालय माहीत होतं. ते असतात का इथे? त्यांना विचारल्याशिवाय मी यात हात घालणार नाही.”

शिपाई सरांना घेऊन आला. तुम्ही स्वतःची खुर्ची त्यांना दिलीत आणि बाजूला उभ्या राहिलात. “सर, इथे तारीख जाते ना, तिथे महिना आधी पाठवायला हवा. मी असं करू का?” सरांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावून बराच वेळ वाचलं. मग हसले. “आमचं मशीन अमेरिकन होतं, म्हणून खपलं इतकी वर्षं.” आणि तुम्ही कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवलात.

ती पहिली ओळ सरांनी बदलली. एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत. तुम्ही नुसतं सांगत होतात, “आता तिरकी रेघ. आता दोन एम.” चुकलं की खोडायला वेळ दिलात. तुम्हाला संध्याकाळची पुण्याची गाडी होती हे मला आईंकडून नंतर कळलं. तेव्हा तुमच्याकडे बघून कुणाला घाई असेल असं वाटलं नसतं. बाकीच्या ओळी तुम्ही झरझर केल्यात, पण सरांची एकही ओळ पुसली नाहीत. जुनी ओळ टीप म्हणून तशीच ठेवलीत आणि खाली नवी, तारखेसह. पहिल्या ओळीशेजारी तुम्ही काय लिहिलंत ते आता आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो: “दुरुस्ती: सर.”

चुकीच्या पडलेल्या तारखांचंही तसंच. मला वाटलं होतं त्या गेल्याच. तुम्ही म्हणालात, प्रत्येक नोंदीला आपोआप चढता क्रमांक पडतो, आणि क्रमांक तर उलटे झालेले नाहीत. ऑगस्टच्या दोन नोंदींमध्ये एकदम मे आला की तो मे खोटा. यादी काढून दिलीत, आम्ही पुस्तकांवरच्या शिक्क्यांशी पडताळली. जादा घेतलेला दंड परत करतोय. कमी घेतलेला मागायला जायचं नाही असं ठरलंय.

काहीजण म्हणतात, एवढा आटापिटा कशाला, ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे, वाचनालयांसाठीचे हे तयार प्रोग्राम फुकट मिळतात, तिकडे जा. बरोबर आहे. तुम्हीही तेच म्हणालात, फक्त एवढं जोडलंत की जायचं ते बरोबर तारखा घेऊन जा, नाहीतर ही घाण नव्या घरात जाईल. सल्ला तोच, पण सांगणारा आधी झाडू हातात घेतो की नाही, यावर माझ्या लेखी बरंच अवलंबून आहे. मी इतकी वर्षं काऊंटरवर बसते. हुशार माणसं पुष्कळ येतात. ‘मला बघावं लागेल’ असं म्हणणारी कमी येतात, आणि दुसऱ्याचं जुनं काम हातात घेताना त्याच्या नावाची चौकशी करणारी त्याहून कमी. त्या तिघांना काही येत नव्हतं याचा मला राग नाही, न येणं काय, कुणालाही असू शकतं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच वाचनालयातून मान खाली घालून घरी जावं लागलं, तो राग अजून आहे आणि तो मी सोडणारही नाहीये.

आता कामाचं. तुम्ही पैसे घेत नाही म्हणालात, म्हणून तुम्हाला आजीव सभासद करायचा ठराव झालाय. त्यासाठी फॉर्मवर तुमची सही आणि दोन फोटो लागतील, ते आईंजवळ पाठवा. आईंचे 89 रुपये मी लखोट्यात घालून ठेवलेत. त्या घ्यायला तयार नाहीत, तुम्ही सांगून बघा.

सर पुन्हा रोज येतात. त्यांची एक तक्रार आहे. कॅलेंडरच्या जागी तुम्ही जे तारखेचं बटण वापरायला सांगितलंत ते फार बारीक आहे, आणि त्यावर ‘बंद दिवस’ लाल दिसत नाहीत, त्यांच्या जुन्या पडद्यावर दिसायचे. ते त्यांनी मनावर घेतलंय, वही काढलीय आणि तुम्हाला विचारायच्या प्रश्नांची यादी करतायत. दुपारी चारनंतर ते इथेच असतात. रविवारी फोन केलात तर बरं, पण हातात जरा वेळ ठेवूनच करा.

तुमची,
देवघेव काऊंटरवरची ग्रंथपाल