बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घड्याळवाल्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ घेऊन आम्ही मायलेकी तुमच्या दुकानात आलो आणि घड्याळाबरोबर आमची फिल्मही दुरुस्त झाली. त्याचे आभार तोंडी मानायचे राहिले. इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण लेगोचे ठोकळे थोडे थोडे सरकवत, एकेक फोटो काढून फिल्म पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांचं गाडं आमच्यासारखंच अडतं: चाल झटक्यांची दिसते.

लेकीच्या फिल्ममध्ये सूरसागर तलावाच्या काठाने सेव-उसळची लारी, म्हणजे हातगाडी, जाते. तुम्ही डोळ्यावरचं भिंग काढून फोन हातात घेतलात, दोनदा पाहिलंत आणि म्हणालात, "बेटा, लारी चालत नाहीये, तिला उचकी लागलीय." तिचे डोळे भरले होते, ते मला दिसलं. तोवर आम्हाला एकच सल्ला मिळाला होता: सेकंदाला चित्रं वाढवा. म्हणून तेच फोटो आम्ही सेकंदाला २४ च्या वेगाने पळवले. लारी सुसाट सुटली, झटके तसेच.

तुम्ही तिला चालू घड्याळाच्या लंबकाचा व्हिडिओ काढायला लावलात. मग तो थोडा थोडा पुढे सरकवत, थांबवत, दर वेळी लंबक कुठे आहे ते कागदावर पेन्सिलीने टिंबांनी दाखवलंत. मधली टिंबं लांब लांब पडली आणि दोन्ही टोकांना एकमेकांना खेटून. "जड वस्तू एकदम निघत नाही, एकदम थांबतही नाही." इतकंच बोललात आणि पुन्हा चिमटा हातात घेतलात.

घरी येऊन तिने हिशेब मांडला. लारीला ६४ मिलिमीटर जायचंय, सेकंदाला १२ चित्रं. समान पावलं टाकण्याऐवजी १, २, ४, ६, ९, १० आणि मग उलट १०, ९, ६, ४, २, १. बेरीज बरोब्बर ६४! फोटो तेवढेच, सेकंद तोच, पण लारीला वजन आलं. कुणीतरी ती ढकलतंय असं वाटायला लागलं.

मात्र एक मिलिमीटर सरकवायचं कसं? ठोकळ्यांवरच्या बटणांचं अंतर आठ मिलिमीटर. लारी बटणांवर बसवली की ती एका बटणावरून दुसऱ्यावर उडीच मारणार, मधे थांबायला तिला जागाच नाही. त्यावर तुम्ही सुचवलेला रस्ता अगदी साधा होता: बटणं झाकून वर गुळगुळीत कार्डशीट, आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कडेला आलेखाच्या कागदाची पट्टी. शीट टेबलाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घट्ट बसवली.

उजेडाचा घोळ मात्र आमचा आम्हाला कळला, तोही दोनशेच्या वर फोटो वाया गेल्यावर. खिडकीतलं ऊन ढगाआड गेलं की फोन आपणहून उजेड वाढवायचा, त्यामुळे चित्र लुकलुकायचं. आता पडदे ओढून, एकाच दिव्यात, फोनचा फोकस आणि उजेड लॉक करूनच काम चालतं. पांढऱ्या कपड्यांवरून उजेड सेटवर पडतो, म्हणून ती गडद टी-शर्ट घालून बसते. फोनला बोट लागू नये म्हणून इयरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढते. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळी गल्ली पतंग उडवायला गच्चीवर होती, पतंग कापल्यावरचं "काइपो छे" खालपर्यंत ऐकू येत होतं आणि ही अंधाऱ्या खोलीत लारी सरकवत होती. मी बोलावलं तर म्हणाली, "आई, अजून नऊ मिलिमीटर."

घड्याळ न्यायला आलो तेव्हा ती कंटाळली होती. तेव्हा तुम्ही तिला दादासाहेब फाळक्यांबद्दल सांगितलंत. ते याच बडोद्यात, कलाभवनात शिकलेले. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली होती. घरी येईपर्यंत ती एकच विचारत होती: ते रोप हलू नये म्हणून त्यांनी काय केलं असेल?

काका, तुम्ही घड्याळाचे पैसे घेतलेत, पण त्या अर्ध्या तासाचे घेतले नाहीत. टिंबांचा तो कागद तिने टेबलासमोर भिंतीला लावलाय. आता तिला लारीवाल्याचा हात हलवायचाय, आणि कोपर नसलेला तो हात खांद्यातून किती फिरवायचा यावर आमचं अडलंय. रविवारी दुकान बंद असतं ना? संध्याकाळी घरी या. सेव-उसळ करते.

तुमची,
लंबकवाल्या मुलीची आई