‘ईदगाह’च्या पुढचे प्रेमचंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३१ जुलैला हिंदी कथाकार प्रेमचंद यांच्या जयंतीनिमित्त तुमच्या पेपरात लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्याला प्रेमचंद मनापासून आवडतात हे कळतं, त्याबद्दल आभारच. पण त्यात एक वाक्य आहे की या गोष्टी साध्यासोप्या आहेत आणि मुलांवर चांगले संस्कार करतात, आणि मी त्या वाक्यापाशीच अडकलोय, आठ दिवस झाले डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कापा, पण ‘पूस की रात’मधल्या हल्कूचं तेवढं ठेवा.

मी वर्धा जिल्ह्यातला. ३४ वर्षं लाइनमन होतो, आता रिटायर. शाळेत हिंदी होतं, शिवाय राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या, त्यामुळं प्रेमचंद आपल्याला माहीत आहेत असंच धरून चाललो होतो. चिमटेवाला हमीद, पंच परमेश्वरमधले जुम्मन आणि अलगू, झालं. रिटायर झाल्यावर तालुक्याच्या वाचनालयात ‘मानसरोवर’ या त्यांच्या कथासंग्रहाचे आठही भाग एका रांगेत दिसले, धूळ बसलेली, मागच्या कागदावर शेवटचा शिक्का कधीकाळचा. पहिला भाग घरी आणला. आठवा परत केला तेव्हा नऊ महिने उलटले होते. सुरुवातीला भाषेनं थोडं अडवलं, म्हणजे चेष्टा हा शब्द आपल्याकडं टिंगल आणि तिकडं प्रयत्न, तर चांगला गंभीर माणूस मध्येच चेष्टा कशाला करतोय असं वाटायचं. पन्नासेक पानांनंतर ते सुटलं. लिपी आपलीच आहे, मराठी माणसाला हे मूळ भाषेत वाचता येतं, हे मुद्दाम सांगतो.

आधी ईदगाहच घ्या. आम्हाला शाळेत शिकवलं की हमीद त्यागी मुलगा, खेळणी मिठाई सोडून आजीसाठी चिमटा आणतो. परीक्षेत तेच लिहिलं, मार्क पण मिळाले. आता वाचताना गोष्टीच्या सुरुवातीलाच एक हिशोब दिसला जो तेव्हा कुणी दाखवला नव्हता. आजीला, म्हणजे अमीनाला, कपडे शिवून आठ आणे मिळालेले, ती अठन्नी तिनं ईदसाठी इमानासारखी जपलेली, आणि आदल्या दिवशी गवळण पैशासाठी डोक्यावर बसली त्यात ते पैसे गेले, उरले दोन आणे. तेव्हाच्या हिशोबानं दोन आण्याचे आठ पैसे. तीन हमीदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. धोबीण येणार, न्हावीण येणार, बांगड्यावाली येणार, सगळ्यांना शेवया लागणार, आणि हे सगळं त्या पाच पैशात. म्हणजे पोराच्या आधी त्याग केला तो म्हातारीनं, आठातले तीन काढून दिले, आणि बाकीच्या पोरांच्या खिशात कुणाच्या बारा, कुणाच्या पंधरा पैसे. हे एकदा लक्षात आलं की जत्रेतलं प्रत्येक दुकान वेगळं दिसायला लागतं. प्रेमचंदांच्या बहुतेक गोष्टींत पैशाचा आकडा असतो आणि तो आकडा वाचल्याशिवाय गोष्ट कळत नाही, हे मला इथं पहिल्यांदा समजलं.

आता हल्कू. ‘पूस की रात’ ही १९३० ची गोष्ट, पाच सहा पानांची. हल्कूनं कांबळं घ्यायला तीन रुपये जमवलेत, सहना वसुलीला दारात येतो, बायको मुन्नी नाही नाही म्हणते तरी ते तीन रुपये त्याला द्यावे लागतात. मग पौषातल्या थंडीत हा शेतात जागलीला, अंगावर जुनी चादर, सोबत जबरा कुत्रा. चिलीम ओढून होते, कूस बदलून होते, शेवटी त्या वास मारणाऱ्या कुत्र्याला कुशीत घेऊन पडतो. तेही पुरेना तेव्हा आमराईत जाऊन पाचोळा गोळा करतो, शेकोटी पेटवतो, अंग गरम होतं. आणि मग नीलगायींचा कळप शेतात शिरतो. त्याला ऐकू येतंय, चरताना होणारा आवाज येतोय, जबरा भुंकून भुंकून बेजार आहे, आणि हल्कू उठतो, दोन तीन पावलं जातो, वाऱ्याचा एक झोत येतो आणि परत राखेपाशी येऊन बसतो. सकाळी मुन्नी येते तर सगळं साफ. ती म्हणते आता मजुरी करून मालगुजारी, म्हणजे शेतसारा, भरावी लागणार. आणि हल्कू खुश असतो, रात्री इथं थंडीत झोपायला तरी लागणार नाही.

आमच्याकडं नीलगायीला रोही म्हणतात. दिवाळीनंतर हरभऱ्याला, गव्हाला ओलीत सुरू होतं आणि शेतीची थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, त्यामुळं रात्री दीड दोनला फोन यायचा, डीपीवरचा फ्यूज उडाला, या. आपण स्वेटर, कानटोपी घालून गाडीवर जायचं तरी हँडल धरून बोटं वाकडी व्हायची. वावरात पोचलो की तो माणूस पोतं डोक्यावरून घेऊन बसलेला, पाय चिखलात, बाजूला कुत्रं. अशा कितीतरी रात्री गेल्या. त्यातली एक विसरता येत नाही. फ्यूज टाकून झाला, मोटार सुरू झाली आणि पलीकडच्या धुऱ्यावरून रोही तुरीत घुसले, आठ दहा असतील. मी टॉर्च मारला, ओरडलो. तो शेकोटीजवळून उठलाच नाही. म्हणाला, “खाऊ दे भाऊ, संपलं म्हंजे झोप तरी भेटन.” मी घरी येऊन बायकोला सांगितलं की असे आळशी लोक असल्यावर शेती कशी पिकंल. चार लोकांतही सांगितलं. वीस वर्षं मी त्या माणसाला आळशी समजत होतो, आणि हल्कूच्या शेवटच्या वाक्याला आलो तेव्हा पुस्तक बंद करून अंगणात जाऊन बसलो. तो माणूस आता हयात नाही.

आता तुम्ही सांगा साहेब, या गोष्टीतून मुलांवर कोणता संस्कार होतो? रात्रभर राखण करा असा? ती गोष्ट संस्कार करायला लिहिलेलीच नाही. माणूस कुठल्या टोकाला गेला की स्वतःचं पीक खाल्लं जाताना बसून राहतो, आणि त्याला बरं का वाटतं, एवढंच तो लिहिणारा शेजारी बसून दाखवतोय, एका शब्दानं हल्कूला दोष देत नाही.

सगळंच चांगलं आहे असं म्हणणार नाही. जवळपास ३०० कथा त्यांनी लिहिल्या, त्यात बऱ्याच कच्च्या आहेत. शेवटच्या पानावर वाईट माणूस एकदम रडायला लागतो आणि सुधारतो, अशा तर लागोपाठ येतात, एखाद्या भागात कंटाळा येतो. मी संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायचो, मराठीत सांगत सांगत. ‘बडे घर की बेटी’मध्ये डाळीत तूप नाही एवढ्यावरून दीर वहिनीला खडाऊ फेकून मारतो आणि शेवटी तीच त्याला थांबवून घर फुटू देत नाही, सासरा कौतुकानं म्हणतो मोठ्या घरच्या मुली अशाच असतात. बायको भाजी निवडत होती, ती म्हणाली, “अहो, मार खाल्ला तिनं, आणि समजून पण तिनंच घ्यायचं?” मला उत्तर देता आलं नाही. पण तिला मी नंतर ती गोष्ट १९१० ची आहे हे सांगितलं, आणि प्रेमचंद या नावानं छापलेली ती पहिलीच. त्याआधी ते नवाबराय नावानं उर्दूत लिहायचे, ‘सोज़े वतन’ पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून जाळलं, तेव्हा नाव बदलावं लागलं. मूळ नाव धनपतराय. नोकरी सरकारी, आधी शाळा तपासनीसाची, मग मास्तरकीची, पुढं १९२१ मध्ये गांधीजींचं भाषण ऐकून ती सोडली.

आणि इथंच माझी खरी तक्रार आहे. ही सालं मला बाहेरून शोधावी लागली, माझ्या हातातल्या प्रतीत गोष्टीखाली साल नव्हतं. सातव्या भागात ‘बडे घर की बेटी’ आहे, १९१६ ची ‘पंच परमेश्वर’ आहे आणि त्याच भागात मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळची ‘समरयात्रा’ पण आहे. वीस वर्षांचं अंतर एकाच पुठ्ठ्यात, वाचणाऱ्याला काही पत्ता नाही. मी नंतर वहीत सालाप्रमाणं यादी केली आणि त्या क्रमानं निवडक पंचवीस तीस परत वाचल्या, तेव्हा माणूस कसा बदलत गेला ते दिसलं. १९१६ ला जुम्मनची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, अलगूला विचारते, संबंध बिघडतील या भीतीनं इमानाची गोष्ट बोलणार नाहीस का, आणि अलगू न्याय देतो, दोस्ताच्या विरुद्ध. गावावर, पंचांवर तेव्हा केवढा भरवसा आहे. १९३२ ला ‘ठाकूर का कुआँ’ येते, आणि त्या गावात न्याय मागायला कुणी उरलेलंच नाही.

ती गोष्ट तीन पानांची आहे. जोखू आजारी, घरातल्या पाण्याला वास येतोय, विहिरीत कुठलं तरी जनावर मरून पडलं असावं. गंगी रात्री नऊला ठाकूरच्या विहिरीवर जाते, चोरून, कारण ते अस्पृश्य, त्यांना तिथं पाणी भरू देत नाहीत. दोर सोडते, घडा वर आलाय, हात लावणार एवढ्यात ठाकूरचं दार उघडतं. दोर सुटतो, घडा पाण्यात धडकन पडतो, कोण आहे कोण आहे करत ठाकूर येतो आणि ती पळत सुटते. घरी येऊन बघते तर जोखू लोटा तोंडाला लावून तेच घाण पाणी पितोय. संपली गोष्ट. पुढं एक ओळ नाही.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, त्यानंतर पाच वर्षांनी तिकडं ही गंगी लिहिली गेली. त्या तळ्याचा खटला हायकोर्टात निकाली निघायला १९३७ उजाडलं, आणि प्रेमचंद ८ ऑक्टोबर १९३६ ला गेले होते. मी ज्या गावात वाढलो तिथं दोन विहिरी होत्या, का होत्या ते लहानपणी विचारलं नाही. हे तुमच्या लेखात एका ओळीनं तरी यायला पाहिजे होतं असं मला राहून राहून वाटतं.

‘कफन’बद्दल फार लिहीत नाही, ती मला वेगळ्या पुस्तकात मिळाली. बाप आणि मुलगा बाहेर बटाटे भाजत बसलेत, आत सून बाळंतपणात ओरडतेय, आणि मुलगा आत जात नाही कारण तो उठला तर बाप जास्त बटाटे खाईल. बायकोला ही वाचून दाखवली नाही, जमलं नाही.

ते मुंबईत पण येऊन गेले, १९३४ ला सिनेमा कंपनीसाठी लिहायला, गिरणी कामगारांवरची ‘मजदूर’ त्यांनी लिहिली आणि तिच्यावर बंदी आली, दुसऱ्या वर्षी माणूस बनारसला परत. आपल्याकडं त्या वर्षाची आठवण कुणी काढत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. लहान मुलांना ईदगाह जरूर द्या, पण नववी दहावीच्या मुलांना पूस की रात द्या, ठाकूर का कुआँ द्या, त्यांना कळतं, माझ्या नातवाला कळली. प्रकाशकांनी गोष्टीखाली साल छापावं, त्याला खर्च नाही. आणि तुम्ही पुढच्या ३१ जुलैला लेखाऐवजी एक गोष्ट पूर्ण छापा. हक्काचा प्रश्न येत नाही, त्यांना जाऊन साठ वर्षं कधीच उलटून गेली. ठाकूर का कुआँचं मराठी मी वहीत करून ठेवलंय, आमच्या इकडच्या बोलीत आहे पण समजेल, हाताने लिहिलेली साडेचार पानं होतात, तुमच्या रविवारच्या पानावर सहज बसेल. कळवलंत तर टाइप करून पाठवतो. मानधन नको, फक्त खाली १९३२ लिहायचं विसरू नका.

आपला,
एक वाचक, वर्धा जिल्हा