मुंबईच्या थंडीत प्लास्टिकच्या खिडकीला जपावे ते फडक्यापासून

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत कापडी टपाच्या गाड्यांची हिवाळ्यात घ्यावयाची काळजी सांगणारे टिपण नुकतेच वाचले. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीवर साचलेला बर्फ कसा काढावा, यावरच त्यात दोन परिच्छेद खर्ची पडले आहेत. सल्ला चुकीचा नाही, पण तो जिथे पहाटे गाडीवर बर्फाचा थर बसतो त्या देशांचा आहे. सांताक्रूझ येथे नोंदवलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. न्हाणीघरातले खोबरेल बाटलीत घट्ट झाले की आपण मुंबईकर थंडी पडली म्हणतो, आणि खोबरेल तर २४ अंशांच्या आसपासच गोठू लागते. अशा शहरात या खिडकीचे नुकसान थंडी फारसे करत नाही, सकाळी फिरणारे कोरडे फडके करते. गेली एकवीस वर्षे मुलुंडमध्ये कापडी हूडची जिप्सी वापरणारा म्हणून हे लिहीत आहे.

पावसाळ्यात गाडी सतत धुतली जात असते, त्यामुळे तिच्यावर धूळ टिकत नाही. नोव्हेंबरपासून वारा मंदावतो, हवा जमिनीलगत कोंडून राहते आणि चारी बाजूंच्या बांधकामांची वाळू-सिमेंटची धूळ रात्रभर हूडवर बसत राहते. पहाटे तीवर दव पडते. वाळूचा कण म्हणजे गारगोटी. काचेवर तो फारसा उमटत नाही, पण मऊ प्लास्टिकवर फडक्याखाली दाबून फिरवला तर पॉलिश पेपरचे काम करतो. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत आणि एकाच फडक्यात दहा-बारा गाड्या उरकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण इतर अकरा गाड्यांना काच आहे. दवाने ओली झालेली खिडकी त्याला धुतल्यासारखी दिसते, मात्र तेवढ्या ओलाव्याने धूळ वाहून जात नाही, तिचा नुसता लगदा होतो. अखेर मी त्याला तेवढाच पगार ठेवून, ही खिडकी ज्यात बसवलेली असते त्या हूडच्या मागच्या पडद्याला हात न लावण्याचे कबूल करून घेतले. काम न करण्याचे पैसे देणारा सोसायटीतला मी एकटाच असेन.

हा पडदा धुण्याची रीत साधी आहे. आधी वरून दोन-तीन तांबे पाणी हळूहळू सोडावे, म्हणजे बहुतेक धूळ हात न लावताच उतरते. मग गाडीच्या सौम्य शाम्पूचा भरपूर फेस स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरच्या कापडावर घेऊन, न दाबता, वरून खाली एकाच दिशेने फिरवावा, पुन्हा पाणी सोडावे आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे. पिसांचा झाडू, वर्तमानपत्राचा बोळा (आपल्या दैनिकाचाही, क्षमस्व) आणि भांडी घासायचा स्पंज यांना जवळ येऊ देऊ नये. चकाकी यावी म्हणून डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारण्याची जी जुनी सवय आहे, ती तर पूर्ण बंद करावी. हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते जात्याच ताठ असते आणि त्यात तेलासारखा मृदुकारक पदार्थ मिसळल्यामुळेच ते गुंडाळता येते. रॉकेल, पेट्रोल, थिनर हे नेमके तेच द्रव्य शोषून काढतात. दोन दिवस खिडकी लखलखते आणि नंतर कडक होत जाते.

ओरखड्यांचे गांभीर्य दुपारी कळत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य नैर्ऋत्येच्या अंगाला झुकून मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पूर्व द्रुतगती महामार्गाने शीवहून मुलुंडकडे येताना तो डाव्या खांद्यामागून थेट त्या खिडकीवर येतो, आणि प्रत्येक बारीक ओरखडा उजळून सारा पडदा दुधी होतो. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांनीही तेच होते. मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० सांगतो. तो काचेपुरता मानायचा की प्लास्टिकलाही लावायचा, हा वाद वकिलांनी घालावा. मागून येणारी दुचाकी दिसली पाहिजे, एवढे तरी दोघांनाही मान्य व्हावे.

थंडीचा खरा प्रश्न घाट चढल्यावर येतो, आणि तो मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत महाबळेश्वरला गाडी रात्रभर उघड्यावर होती. सकाळी साडेसहाला, बाहेरचे धुके दिसावे या हौसेने, मी मागचा पडदा नेहमीसारखा वर गुंडाळून पट्ट्याने आवळला. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि शिवणीपासून वीतभर चीर गेली. निरभ्र रात्री उघडे पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. हवा चार-पाच अंशांवर असतानाही वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात ते यामुळेच, आणि आकाशाकडे कलती असलेली खिडकी त्याला अपवाद नसते. तिच्यातले मृदुकारक द्रव्य अशा वेळी पुरेसे काम करत नाही. त्यातून माझे प्लास्टिक जुने होते. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाने त्यातले द्रव्य वर्षानुवर्षे उडून गेले होते, त्याचा हिशेब महाबळेश्वरच्या एका सकाळी झाला. चीर शिवणीपासूनच का सुरू झाली, हेही उघड आहे. सुईच्या छिद्रांची ती ओळ म्हणजे फाडण्यासाठी आखून दिलेली रेघच.

त्यानंतर मी घाटावर गेलो की ऊन गाडीवर चांगले तास-दीड तास पडल्याखेरीज हूडला हात लावत नाही. घाई असेल तर पडदा तसाच राहू देतो. गरम पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळावा, फार तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेले कापड वरून नुसते ठेवावे. गुंडाळी सैल, मनगटाहून जाड करावी आणि आत जुनी मऊ चादर घालावी, म्हणजे घडीला धार येत नाही आणि दोन थर एकमेकांवर घासत नाहीत. ओला पडदा गुंडाळून ठेवला तर तो पांढुरका पडतो, शिवणीत बुरशीही धरते. ज्या परदेशी गाड्यांत ही खिडकी चेनने जोडलेली असते, उदाहरणार्थ १९८९ च्या पहिल्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये, तिथे टप उतरवण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट पाडावी, हा सल्ला त्या टिपणात होता आणि तो अगदी रास्त आहे.

त्याच टिपणात खिडकी साफ करण्यासाठी काच पुसायचा फवारा सुचवला आहे. अशा अनेक फवाऱ्यांत अमोनिया असतो आणि तो या प्लास्टिकला धुरकट करतो. कापडी टपाची थार वापरणारे तरुण ते टिपण कापून ठेवतील. कृपया पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई