बंड्याबद्दल, आणि तुझ्या ‘ठीक आहे’बद्दल

चिपळूण
मंगळवार, रात्री

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

बंड्या गेला. गुरुवारी पहाटे. हे सांगायला मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून कागदावर लिहितोय, फोटो काढून पाठवीन. रविवारी तू ‘त्याला दाखवा ना’ म्हणालीस तेव्हा आईने रेंज नाही म्हणून फोन बंद केला. रेंज होती. तुझं सोमवारचं प्रेझेंटेशन होऊ दे, असं मीच तिला बजावलं होतं. राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

तू गेल्यावर तो पाणी फार प्यायला लागला. मला वाटलं ऑक्टोबरचा उकाडा. मग भाकरी हुंगून बाजूला व्हायचा, तोंडाला वास यायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनीन दीडच्या आत हवं, ते सातवर गेलेलं. ते म्हणाले, किडनीचा पाऊण भाग कामातून गेला की मगच रक्तात दिसायला लागतं, तोवर कुत्रं कळू देत नाही. सहा दिवस कातडीखालून सलाईन दिलं. सतरा किलोचा बंड्या अकरावर आला होता. शेवटच्या रात्री मी पडवीतच अंथरूण टाकलं. माझ्या तळहातावर हनुवटी ठेवून पडला होता. पहाटे हाताला ती जड लागली तेव्हा समजलं.

परसात रातांब्याखाली पुरला. वीतभर मातीखाली जांभा लागला, दाभोळहून भाऊ आला म्हणून पहार तरी चालली. खाली-वर खडेमीठ घातलं. पट्टा काढून आप्पांच्या काठीला अडकवून ठेवलाय, तू आलीस की बघू.

त्या डॉक्टरांचं ‘कळू देत नाही’ काही डोक्यातून जात नाही. सायली, तू आम्हाला सगळं सांगतेस ना? रोज ‘ठीक आहे बाबा’ म्हणतेस. तिकडे जर्मनीत घड्याळं मागे गेल्यापासून साडेतीन तासांचे साडेचार झाले, आम्ही झोपायला जातो तेव्हा तुझी संध्याकाळ असते. त्या संध्याकाळी तुला बरं नसेल तर आम्हाला कोण सांगणार? अंगावर काढू नकोस. विमा भरलायस तर डॉक्टरकडे जायला लाजू नकोस. दवाखाने बंद असताना ११६११७, फारच काही असलं तर ११२. हे तुला माहीत असणार, तरी मी आपल्या दूधवाल्याच्या नंबराखाली लिहून ठेवलंय. भात एकदाच करून तीन दिवस खाऊ नकोस. रात्री जागून... जाऊ दे. पत्र बंड्याचं होतं आणि मी शाळा घ्यायला बसलो. माफ कर.

पण तूही त्याच वाणाची आहेस. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी घरात शिरली आणि आपण चौघं माळ्यावर, पाचवा बंड्या. तुझा बारावीचा निकाल लागायचा होता. खाली फ्रिज तरंगत होता, त्याचा भिंतीवर धपधप आवाज यायचा आणि दर धपक्याला बंड्या तुझ्या ओढणीत तोंड खुपसायचा. पार्ले-जीचा एकच पुडा होता. तू तुझी बिस्किटं त्याला घातलीस, म्हणालीस, मला भूक नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर चिखलात उतरवायला तुझा हात धरला तर तो भाजत होता. रात्रभर ताप होता तुला. माझ्यापासून दोन हातांवर होतीस आणि मला पत्ता नाही. आता तर तू आखेनला आहेस.

चौथीत असताना पावसात भिजलेलं ते पिल्लू दप्तरात घालून आणलंस, त्यावरून मी तुला ओरडलो होतो. आठवतं का? तेरा वर्षं झाली. तेव्हा तू रडली होतीस, पण पिल्लू काही सोडलं नाहीस.

सप्टेंबरात मांडवी एक्सप्रेसच्या दारात तू उभी होतीस तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. आता लिहितो. आपल्या घरात पासपोर्ट काढणारी तू पहिली. स्टेशनवरून परत येताना रिक्षावाल्याने न विचारताही मी सांगितलं, मुलगी जर्मनीला शिकायला गेली. आत्याला तर रोजच सांगतो. आईला मात्र आवडत नाही, नजर लागते म्हणते.

ती अजून थोडं दूध जास्त घेते. सकाळी भांडं हातात घेऊन मागच्या दाराशी जाते, आठवलं की परत येते. मी काही बोलत नाही.

हे वाचलंस की फोन कर. आमची मध्यरात्र असली तरी कर. रडायचं असेल तर रड, आम्हीही रडलोय. फक्त ‘ठीक आहे’ म्हणू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी बोलताना दोनदा खोकलीस. आईला ऐकू आलं नाही, मला आलं. गेला का तो खोकला?