दोष एकट्या टेलिफोन लाइनचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायल-अपच्या दिवसांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण नेट रडतखडत चालण्याचं सगळं खापर त्यात टेलिफोन लाइनवर फोडलं आहे, ते पटलं नाही.

नेटवरची माहिती टीसीपी-आयपी या नियमांनुसार छोट्या पुडक्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते, आणि प्रत्येक पॅकेटला पत्ता-क्रमांक वगैरे लिहिलेलं किमान ४० बाइटचं हेडर असतं. टेलनेटवर (दूरचा संगणक टाइप करून चालवायची सोय) एक अक्षर टाइप केलं तरी ४० बाइटचं ओझं सोबत जाणार. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये यावर तोड काढली: दोन्ही टोकांनी मागचं हेडर जपून ठेवायचं आणि बदललं असेल तेवढंच पाठवायचं. हेडर असं दाबल्यावर ४० चे ३ ते ५ बाइट झाले. मग १९९२ मध्ये टाइमस्टॅम्पचा, म्हणजे हेडरमध्ये घड्याळाची वेळही टाकण्याचा पर्याय आला, तोही जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच. लांब पल्ल्याच्या वेगवान जोडण्यांना तो हवाच होता. पण त्यापायी हेडर ५२ बाइटचं झालं, आणि १९९० च्या पद्धतीत पर्यायांतला एक आकडा जरी बदलला तरी अख्खं हेडर पाठवावं लागतं. घड्याळाचा आकडा तर बदलणारच!

१९९९ मध्ये माझ्या घरच्या संगणकातल्या लिनक्स प्रणालीवर हा पर्याय आपोआप चालू होता. एका रात्री ‘पीपीपीस्टॅट्स’ ही कमांड लावून बसलो; डायल-अपवर पॅकेटं नेणाऱ्या ‘पीपीपी’ जोडणीचे आकडे ती दाखवते. हेडर दाबलेल्या पॅकेटांचा रकाना जवळजवळ हलत नव्हता, न दाबलेल्यांचा भराभर चढत होता. टाइप केलेलं लवकर उमटावं म्हणून मी पॅकेटची मर्यादा २९६ बाइटवर आणली होती, म्हणजे भरलेल्या पॅकेटचाही सहाव्या हिश्शाहून जास्त भाग हेडरच खात होतं. ‘टीसीपी टाइमस्टॅम्प्स’च्या फाइलीत १ च्या जागी ० लिहून तो पर्याय बंद केला, पुन्हा डायल केलं, आणि दाबलेल्यांचा रकाना पळायला लागला. लाइन तीच, मोडेम तोच. त्याआधी दोन महिने मी लाइनमनला हेलपाटे घालायला लावले होते, याचं आजही वाईट वाटतं.

२००७ मध्ये आरओएचसी या हेडर दाबण्याच्या नव्या पद्धतीच्या टीसीपीसाठीच्या आराखड्यात टाइमस्टॅम्पही दाबायची सोय झाली. माझ्याकडे शंका घेऊन येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना टाइमस्टॅम्प पाठ असतो, हेडर दाबणंही पाठ असतं. एकामुळे दुसऱ्याचं काय होतं, हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. प्रयोगशाळेतले दोन जुने संगणक सीरियल केबलने जोडून पीपीपी चालवलं, तर एका तासिकेत ते डोळ्यांसमोर दिसेल. प्राध्यापकांनी एवढं जरूर करावं.

आपला,
एक वाचक, सातारा